डाव्या फळीवरचे मोर

५ फेब्रुवारी २००६
गावच्या मंडळाचे तिघे शिमग्याच्या पालखीचं काम बघायला आले. दोन्ही बाजूंच्या फळ्या नानांनी कोरून तयार ठेवल्यात. मोरांची पिसं बघून तिघांनी तोंडात बोटं घातली. मग एकाने मागच्या देव्हाऱ्याकडे बोट केलं, "पॉलिश कोणी केलं? आरसा आहे नुसता." मी चहा घेऊन उभीच होते. नाना म्हणाले, "सुनेनं. पॉलिशचं काय एवढं, बूटवालाही करतो."
सगळे हसले. आमचे हेसुद्धा.
अकरा वर्षं या घरात पॉलिश करतेय. बोटांची सालं गेली.

पालखीच्या रंगावरून वाद. मंडळाला ऑइल पेंट हवा, निळा-हिरवा, कडा सोनेरी. मिरवताना लांबून दिसायला पाहिजे म्हणे. नानांना फक्त लाखेचं पॉलिश. शेवटी नाना नमले. मला बजावलं, "दोन हात मार, पातळ. तिसरा मारलास तर कोरीव बुजलं समज."
समजलं.

७ फेब्रु.
केबिन रोडला जाऊन रंग आणले. दुकानदार म्हणाला, "भाभी, ये गाढ़ा है, थिनर मिलाके लगाना." म्हटलं, घरात आहे. आहेच. घालणार असं कुठे म्हटलं.
भेगा बुजवायची लांबीही घेतली, अर्धा किलो. फळ्यांना भेग एकही नाही.

१० फेब्रु.
डावी फळी घेतली. आधी लांबी, पिसांच्या रेघांत बोटाने दाबून दाबून. पॉलिश पेपर मारला, मग रंग. नाना समोरच रेडिओ ऐकत बसलेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रंग दिसतो, रेघ दिसत नाही. दोन वर्षं अंगठ्याने चाचपून कोरतायत.

१४ फेब्रु.
पाचवा हात. नानांनी विचारलं, "वास रोज कसला गो?" म्हटलं, कडांचं सोनेरी चाललंय.

१६ फेब्रु.
वाळलं. नानांनी अंगठा फिरवला. परत फिरवला.
"किती हात मारलेस गो?"
"दोन."
"पातळ?"
"तुम्ही सांगितलेत तसेच."
"दोन हातांनी एवढं बुजत नाही."
आता पकडली, वाटलं. पण मला काही बोललेच नाहीत. स्वतःचा अंगठा दाताखाली धरून बघत होते. "माझंच खोल गेलेलं नाही. मंडळवाले उगाच मन राखून गेले. कोरताना कळलंही नाही. अंगठा मेला वाटतं."
जेवले नाहीत. मी दोनदा भात घेतला. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१८ फेब्रु.
नानांनी कोरायच्या पटाशा पुसल्या, तेल लावलं, जुन्या लुंगीत बांधल्या. ह्यांना म्हणाले, काशीगावच्या फर्निचरवाल्याला देऊन टाक. हे मला विचारतात, नानांना झालंय काय? म्हटलं, वय.
रंग काढायचं औषध फडताळात आहे, भरलेली बाटली. दोन दुपारी लागतील, मग लांबी कोरून काढली की पिसं होती तशी वर येतील.
बाटली पुसून परत ठेवली.

२० फेब्रु.
मंडळवाले डावी फळी बघून गेले. लांबून झकास दिसते म्हणाले. जवळ कोणी गेलंच नाही.
ते गेल्यावर नाना स्टूल ओढून माझ्याजवळ बसले. "सुषमा, राखलीस गो लाज माझी. नुसतं पॉलिश असतं तर सगळं उघडं पडलं असतं. तुझ्या हातात कसब आहे." हात जोडायला लागले तशी मी उठले.
अकरा वर्षं हेच ऐकायचं होतं. गोड लागलं. पण घशाखाली उतरेना.

उजवी फळी अजून बिनरंगाची, चादरीखाली. नाना तिला हात लावत नाहीत. घाबरतात. म्हणाले, "हिलाही तसंच झाक. मला दाखवू नको."
आता दुपारी चादर काढली. पिसं एवढी धारदार आहेत की बोट कापेल. पटाशा अजून दाराशीच, हे संध्याकाळी नेणार आहेत. रंगाचा डबा उघडलाय. शेजारी थिनरची बाटली आणून ठेवलीय, का ते माहीत नाही.
बाहेरून नाना विचारतायत, "सुरू केलंस?"