बाळंतिणीची स्वतंत्र खोली

मु. रेवदंडा,
वैशाख वद्य पंचमी, शके १८५३

राजमान्य राजेश्री अण्णासाहेब वकील, मुक्काम माणगाव, यांस रेवदंड्याहून व्याही विश्वंभर मास्तर यांचा नमस्कार पोहोचावा. इकडे माझा डावा अंगठा आणि माजघराची एक भिंत वगळता सर्व मंडळी खुशाल आहेत. आपले गुडघे कसे आहेत? विहीणबाईंचा खोकला अडुळशाने उतरला असेल. चि. सरोजिनीला सातवा सरत आला. मागच्या दारच्या पायऱ्या ती जपून उतरते ना, तेवढे पाहावे. लहानपणापासून तिला दोन दोन पायऱ्या एकदम उतरायची खोड आहे.

गेल्या महिन्यात आपण लिहिलेत की पहिल्या बाळंतपणाला सुनेने माहेरी जावे हा रिवाज आपल्याला मान्य आहे, परंतु आमच्याकडे बाळंतिणीला स्वतंत्र खोली आहे काय? नसल्यास सर्व माणगावलाच उरकावे. मी उलट टपाली 'आहे' असे कळवले, आणि ते उत्तर खरे करण्याचे काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केले. (आपण वकील आहात, तेव्हा या क्रमाचा फार विचार करू नये.) गावातले गवंडी आणि सुतार पावसाआधीच्या घरांच्या शाकारणीत अडकलेले. म्हणून मीच धोतर खोचले. तेहतीस वर्षे मुलांना क्षेत्रफळ शिकवले, त्या मानाने दहा हात लांब आणि आठ हात रुंद खोली ही काही मोठी गोष्ट नव्हे, असे माझे त्या दिवशीचे मत होते.

लाकडाची सोय शेजारच्या हरेश्वर तांडेलाने केली. त्याचा मासेमारीचा जुना मचवा मोडायला काढलेला होता. सागवान उत्तम, चाळीस पावसाळे खाल्लेले. फक्त प्रत्येक फळी वाकडी. फळ्यांसोबत हरेश्वरही आला, कारण त्याला स्वस्थ बसवत नाही आणि माझे खिळे ठोकणे पाहवत नाही. आठ दिवसांत घराला लागून खोली उभी राहिली. ती मधे फुगलेली आणि पश्चिमेकडे निमुळती आहे. फळ्यांच्या बाजूने कोपरा असा तिला एकही नाही, त्यामुळे केर काढणे सोपे जाईल. बाज कुठेही ठेवली तरी भिंतीला एकाच ठिकाणी टेकते. फळ्यांच्या फटींत हरेश्वराने कापूस आणि राळ ठासली आणि वरून मुशी माशाचे तेल दोन हात दिले. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासळी आलेली नाही. या तेलाबरोबर ती सगळी एकदम आली. सौ.ने त्या दिवशी नाकाला लावलेला पदर अजून काढलेला नाही. गावातली मांजरे मात्र रोज सकाळी नेमाने येऊन खोलीभोवती बसतात. त्यांचा कोणाला उपद्रव नाही.

काम पुरे झाल्यावर मी नारळ फोडणार, तर हरेश्वराने हात धरला. म्हणाला, "मास्तर, पानी भरून बघल्याबिगर गलतंय का न्हाय कसा कलनार?" नवी होडी समुद्रात लोटण्याआधी कोळी लोक तिच्यात पाणी भरून सांधे तपासतात, ही गोष्ट मला ठाऊक होती. खोली समुद्रात लोटायची नाही, ही गोष्टही ठाऊक होती. पण त्या घटकेला दोन्ही एकदम आठवल्या नाहीत. शिवाय बाळंतिणीच्या अंगावर पावसाचा थेंब पडता कामा नये, हे माझ्या डोक्यात पक्के बसलेले. आम्ही रहाटाला बैल जुंपला आणि वाडीतला पाट खोलीत वळवला. उंबरा दीड हात उंच असल्याने (तोही मचव्याचाच) खोली तासाभरात मांडीपर्यंत भरली. फळ्यांतून एक टिपूस बाहेर आला नाही. हरेश्वराच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले, आणि खरे सांगायचे तर माझ्याही.

एवढेच की खोलीची चौथी बाजू म्हणजे आमच्या माजघराची मातीची भिंत होती. ती मचव्याची नव्हती. तिने थोडा वेळ विचार केला आणि ती आत बसली. सौ. त्या वेळी माजघरात सांडगे निवडत होती. पाणी आले तेव्हा ती सांडग्यांचे सूप घेऊन झोपाळ्यावर पाय वर करून बसली. भिंत बसल्यामुळे माजघर आता बरेच प्रशस्त झाले आहे, आणि जुन्या घराची दुरुस्ती जी मी दरवर्षी पुढे ढकलत होतो, ती आपोआप सुरू झाली.

अण्णासाहेब, सरोजिनी सासरी गेल्यापासून हे घर मला उगाच मोठे वाटत होते. त्यात तिच्यापुरती जागा आहे काय, असे आपण विचारलेत, ते मला फार लागले. म्हणून हा खटाटोप. लोभ आहे तो तसाच राहू द्यावा.

आपला,
विश्वंभर

ता. क. आपण सोमवारी तिला स्वतः पोचवणार आणि खोली पाहणार असे लिहिले आहे. सध्या खाडीला वारा फार आहे, आणि आपले गुडघे. आपण रोह्याच्या धक्क्यापर्यंतच यावे. तिथून पुढे मी तिला सांभाळून आणीन. खोली पाहण्याची घाई नसावी. फार तर दिवाळीनंतर पाहावी.

ता. क. दुसरा. अण्णासाहेबांना सौ. दुर्गाचा नमस्कार. हे पत्र इकडच्या स्वारीने पाकिटात घालायला दिले होते, ते मी वाचले. माझी चारही बाळंतपणे स्वयंपाकघराच्या लगतच्या खोलीत झाली. ती खोली मी सारवून, शेगडी मांडून तयार ठेवली आहे. सरोजिनी तिथे निजेल. तिलाही तीच खोली हवी, असे तिचे पत्र आले आहे. स्वारीला हे अजून सांगितलेले नाही, कारण त्यांच्या दोन्ही हातांना फोड आले आहेत आणि रोज सकाळी नव्या खोलीत जाऊन बाज हलवून पाहणे चालू असते. तरी आपण रोह्याला थांबू नये, घरापर्यंत यावे. नवी खोली बघून दोन शब्द चांगले बोलावे, फार बरे वाटेल. आपली निजण्याची व्यवस्था त्याच खोलीत केली आहे. खोली अगदी स्वतंत्र आहे.