रिकाम्या घरात कोण ओरडलं

थेरगाव,
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

नजमाभाभींना कस्तुराचा मनापासून नमस्कार. शौकतभाईंना सलाम, सनाला आशीर्वाद. तिचा बारावीचा अभ्यास जोरात चालला असेल.

ओळखलंत ना मला? तुमच्या शेजारचं सोपानरावांचं बैठं घर बघायला नवऱ्याबरोबर आले होते, ती हिरव्या साडीतली. तुम्ही आत नेऊन आल्याचा चहा पाजलात, ती.

पत्र बघून हसाल. नंबर असताना पत्र कशाला, असं वाटेल. पण फोनवर मी तुमच्याशी पुन्हा खोटं बोलेन, भाभी. मला माझा भरवसा नाही. तुम्ही पुनावळ्याच्या मराठी शाळेत शिकलात म्हणालात, म्हणून मराठीतच लिहिते. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, तेवढं गोड मानून घ्या.

आधी घराचं विचारते. मागच्या भिंतीची ओल फक्त पावसाळ्यात येते की बारा महिने असते? न्हाणीघराच्या स्लॅबचं प्लॅस्टर पडून सळया दिसायला लागल्यात, त्या कधीपासून? बोअर उन्हाळ्यात आटते का? महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं ते माहीत आहे, आमच्याकडेही तसंच आहे. गल्लीत पाणी तुंबतं का? सोपानराव म्हणतात घर ठणठणीत आहे, पण विकणारा माणूस दुसरं काय म्हणणार! आणि तो एजंट मालोजी तर भिंतीवर थापा मारत म्हणाला, "ताई, जुनं काम आहे, भिंतीची जाडी बघा, आत ढोल वाजवला तरी बाहेर कळणार नाही." त्याला काय माहीत, मी नेमकं तेच ऐकायला आले होते.

खरं सांगू? ओल असली तरी चालेल. सळया दिसल्या तरी चालतील. मला त्या घराचं एकच आवडलं. त्याची एकही भिंत दुसऱ्या कुणाच्या भिंतीला लागून नाही.

त्या दिवशी "घरात कोण कोण?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी "आम्ही दोघंच" म्हणाले. चहाचा घोट घेता घेता म्हणाले. जीभ कशी झडली नाही माझी! आम्हाला मुलगी आहे. स्वप्नाली. एकोणीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा उंच, केस तर असे लांबसडक की बघत राहावं. तिला बोलता येत नाही. लहानपणापासून मेंदूचा आजार आहे, तिचं सगळं मलाच करावं लागतं. आणि ती ओरडते. भूक लागली तरी ओरडते, आनंद झाला तरी ओरडते, आणि कधीकधी कशासाठी ते तिचं तिलाच ठाऊक. साधंसुधं नाही हो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, आत कुणाचा तरी खून पडतोय.

मालोजी म्हणाला होता, "व्यवहार होईपर्यंत पोरीला आणू नका. एकदा घर तुमच्या नावावर झालं की कोण काय करतंय?" मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मला पटवून घ्यायचंच होतं.

आता त्या दिवशीचं सांगते. सोपानराव दुकानात गेले होते, मालोजीही निघून गेला होता. मी मागच्या खोलीत गेले, दारं-खिडक्या लावल्या, आणि ह्यांना तुमच्या कंपाउंडजवळ उभं केलं. म्हटलं, मी स्वप्नालीसारखी ओरडते, बाहेर किती येतं ते नीट ऐका. मग मी ओरडले. भाभी, ती मी होते. सुरुवात तिच्या आवाजात केली, नक्कल म्हणून. पण एकदा तोंड उघडलं आणि मला थांबताच येईना. तो आवाज मग तिचा राहिला नाही, माझाच झाला. इतकी वर्षं घरात ओरडायचा मान तिचा होता, माझी पाळी कधी आलीच नव्हती.

बाहेर आले तर हे हसतमुख. "कायबी ऐकू आलं नाही बघ! घ्यायचं घर." मला तर नाचावंसं वाटलं. आणि तेवढ्यात तुमचं फाटक खाडकन उघडलं. तुम्ही अनवाणी, हाताला कणीक, आणि थेट माझ्या आणि ह्यांच्या मध्ये येऊन उभ्या राहिलात. "कोण ओरडलं? मारलं का तुम्हाला?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. अहो, आमचे हे चाकणला प्रेस शॉपमध्ये आहेत. पत्रा ठोकणाऱ्या त्या मशीनपाशी उभं राहून राहून कान गेलेत त्यांचे. कंपनीला कळू नये म्हणून लपवतात, आणि कंपनीपासून लपवता लपवता माझ्यापासूनही लपवायला लागले. मलाही ते ठाऊक होतं. तरी आवाज मोजायला मी त्याच माणसाला उभं केलं. इतकी कशी मी खुळी! की मला "ऐकू येत नाही" एवढंच ऐकायचं होतं?

तुम्ही विचारलंत आणि मी मान खाली घातली. नाही म्हटलं नाही, भाभी. नवऱ्यानं मारलं असं तुम्हाला वाटलं, आणि मी ते वाटू दिलं, कारण खरं सांगितलं असतं तर घर गेलं असतं. तुम्ही मला आत नेलंत, नंबर दिलात, जाताना कानाशी म्हणालात, "घर ले लो भाभी. मैं हूँ ना बाजू में." रिक्षात हे विचारत होते, शौकतभाईंनी माझ्याशी हात का नाही मिळवला? मी म्हटलं, घाईत असतील.

त्या माणसानं आजवर माझ्यावर हात उचललेला नाही. शिफ्टवरून आला की आधी पोरीसमोर बसतो, तिची वेणी घालतो, तिला भरवतो. ती कानाशी ओरडली तरी दचकत नाही. मला वाटायचं, केवढा धीर आहे ह्यांच्याजवळ! त्यातला निम्मा धीर प्रेसनं दिलाय हे नंतर कळलं. पण निम्मा त्यांचा स्वतःचा आहे. शौकतभाईंना तेवढं सांगा, एवढे उपकार करा.

आत्ताचं हे घर भाड्याचं, तिसरं. प्रत्येक ठिकाणी शेजारी आधी म्हणाले, "काही हरकत नाही, सांभाळून घेऊ." आणि त्याच लोकांनी तक्रारीवर सह्या केल्या. इथूनही महिनाअखेर निघायचंय. दीर म्हणतात, पोरीला संस्थेत ठेवा आणि सुटा. एक संस्था बघून आले मी. तिथल्या मुली फार शांत होत्या. इतक्या शांत की मी जिन्यात बसून रडले.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. दिवाळीआधी खालची मंडळी भांडायला वर आली. बेल वाजत होती, ही ओरडत होती. मी तिचं तोंड दाबलं. दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून. तिचे डोळे पांढरे व्हायला लागले तेव्हा मी हात काढला. बेल बंद झाली होती. मी दाराशी जाऊन ऐकलं, लोक गेले का ते. आधी दाराशी गेले, भाभी, मग तिच्याकडे.

तेव्हापासून बेल वाजली, दार वाजलं की स्वप्नाली आपणच आपल्या तोंडावर हात धरते. ज्या पोरीला पाण्याचा पेला धरायला शिकवताना मी थकले, ती हे एकदाच बघून शिकली.

तुम्ही शब्द दिलात तो मार खाणाऱ्या बाईला दिलात. मी ती नाही. म्हणून तो शब्द परत करते आणि नव्यानं विचारते.

सोपानरावांना काल सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी काय, मुलीकडे चाललोय. शेजारी राहायचं शौकतभाईंच्या घरच्यांना आहे, त्यांना विचारा." हे पत्रही त्यांच्याच हाती देते आहे. ह्यांनाही आज सांगणार आहे, तुम्ही त्यांना काय समजलात ते.

येत्या रविवारी सकाळी आम्ही स्वप्नालीला घेऊन त्या घरी येतो. ती ओरडेल, नवी जागा दिसली की ओरडतेच. तुम्ही रोजच्यासारखं राहा. स्वयंपाक करा, सनाला अभ्यासाला बसवा, शौकतभाईंना गॅरेजला जायच्या आधी थोडं थांबवा. तिघंही ऐका. रोज ऐकायचं आहे असं समजून ऐका. झेपणार नसेल तर फाटकाला कडी राहू द्या. मी समजेन, हाक मारणार नाही, आणि तुमच्या नावानं बोटंही मोडणार नाही. दया म्हणून मात्र कडी काढू नका, हात जोडते. आज दया आणि सहा महिन्यांनी सही, हे आता माझ्यानं सोसवणार नाही. यापुढे बघायला माझ्याजवळ घर नाही, फक्त ती संस्था आहे.

आणि कडी काढलीत, आलात, तर एक कराल का? फाटकाचा आवाज झाला की स्वप्नाली तोंडावर हात धरेल. तो हात खाली घ्या तिचा. तिला सांगा, ओरड बाई. मी सांगून बघितलं, माझं ती आता ऐकत नाही.

रविवारची वाट बघणारी,
त्या रिकाम्या घरात ओरडली ती,
कस्तुरा