निगेटिव्ह कुणाची?

आण्णा, फोटो दुरुस्त करायचं ते सॉफ्टवेअर आता विकत मिळत नाही. तुमचा जुना कॉम्प्युटर उन्हाळ्यात बंद पडला तो पडलाच, आणि नव्यावर तुमची सीडी चालेना, म्हणून मी कराडला गेले. कॉम्प्युटरचा दुकानदार तुमच्या ओळखीतलाच, आता डोकं पार पांढरं झालंय त्याचं. सीडीचा डबा त्याने उलटसुलट करून बघितला. "ताई, ह्ये आता आठवण म्हणून ठेवा. इकत मिळायचं कवाच बंद झालं. महिन्याला भाडं भरायचं, न्हाईतर वर्साला." मी विचारलं, न भरलं तर? "तर काय न्हाई. फाइली तुमच्याच. फकस्त उघडायच्या न्हाईत." इतक्या सहज बोलला, की मला आधी त्याचाच संशय आला.

उंब्रजला परत येताना एसटीत मी तेच घोळवत होते. न विचारता कुणी 'तुमचंच आहे' म्हणायला लागलं की माझा हात आपोआप पर्सकडे जातो. भाडं भरलं, तसं त्या सॉफ्टवेअरने पडद्यावर लगेच दुसरं टुमणं लावलं: सगळे फोटो आमच्याकडे ठेवा, इथे सुरक्षित राहतील. इथे म्हणजे कुठे, ते काही लिहिलेलं नाही. अर्ध्या तालुक्यातल्या मुलींचे स्थळासाठी काढलेले फोटो आपल्या स्टुडिओत माझ्याकडे आहेत. तुम्ही असला फोटो मुलीच्या सख्ख्या मामालासुद्धा दिला नव्हता, आणि मी कुठल्या तरी न पाहिलेल्या कंपनीच्या हवाली करू? मी 'नको' दाबते. चार दिवसांनी ते पुन्हा विचारतं.

ती सीडी आणायला तुम्ही पुण्याला गेला होतात. बाजारात सगळे चोरीची कॉपी वापरत होते, आई तुम्हाला वेड्यात काढत होती. तुम्ही म्हणालात, "चोरीचं हत्यार खंडेनवमीला कसं पुजू?" आणि खरंच दरवर्षी पाटावर कॅमेऱ्याशेजारी तो डबा असायचा, हळदकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल. त्या दिवशी तुम्ही कॉम्प्युटर चालू करू द्यायचा नाहीत. यंदा पाटावर काय ठेवावं मला कळेना. कॅमेरा ठेवला, कात्री ठेवली. भाड्याच्या वस्तूला कुंकू कुठे लावायचं?

इथपर्यंत माझा राग सरळ होता. पण 'सुरक्षित' हा शब्द पडद्यावर पुनःपुन्हा बघताना वाटायला लागलं, हे मी आधी ऐकलंय. आपल्याच दुकानात, तुमच्या तोंडून.

मी शाळेतून आलेय, काउंटरमागे बसून शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खातेय. मसूरच्या बाजूची एक बाई आलीय. नवरा पलटणीत होता, तिकडेच अपघातात गेला. शेवटच्या सुट्टीत त्याने आपल्याकडे वर्दीत फोटो काढला होता. तुम्ही तिला तो मोठा करून दिलाय, फ्रेमसकट, काही न घेता. पण तिला निगेटिव्ह हवीय. तुम्ही नाही म्हणून मान हलवता. "वैनी, घरात ओल असती, बुरशी धरंल. हितं सुखरूप ऱ्हाईल. कवाबी या, कॉपी काढून दीन." बाई म्हणते, "आवं, माणूस माझा, आन् निगेटिव तुमच्या कपाटात व्हय?" लोखंडी कपाटाची किल्ली तुमच्या करदोट्याला, सदऱ्याखाली. बाई फ्रेम पदराखाली घेऊन पायरी उतरते.

तेव्हा मला ती बाई अडाणी वाटली होती. तुम्ही निगेटिव्ह किती जपायचात, मी बघत होते. एकेक बटरपेपरात, पावसाळ्यात कपाटात बल्ब लावून. गावात दुसरं कुणी इतकं जपलं नसतं. पण आण्णा, निगेटिव्ह कपाटात असली की प्रत्येक कॉपीला माणूस आपल्याच दारात येणार, हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मी कसं म्हणू? आपलं घर त्याच्यावरच चाललं. माझी फीसुद्धा. आजवर मी कंपनीवर संशय घेतला, कराडच्या दुकानदारावर घेतला, आता तो तुमच्यापाशी येऊन थांबलाय आणि हलत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून मागच्या रविवारी ती निगेटिव्ह शोधली आणि तिच्या घरी नेऊन दिली. म्हातारी झालीय. दारात उभी राहून तिने ती उजेडाला धरली, बराच वेळ. "तुजा बा लय भला माणूस व्हता," ती म्हणाली. "पर ह्ये मला तवाच द्याया पायजे व्हतं. आता डोळ्याला काय दिसतंय?" मग सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी चहा प्याले.

बाकीच्याही देणार आहे, जो येईल त्याला. लोक परत दुकानात येतील की नाही, कुणास ठाऊक. सॉफ्टवेअरचं भाडं मात्र परवा पुन्हा भरलं, लग्नसराई तोंडावर आहे.

तुम्ही असता तर निगेटिव्ह नक्की कशासाठी ठेवून घेतल्यात ते तुम्हालाच विचारलं असतं, असं लिहिणार होते. ते खरं नाही. तुम्ही असता तर मी विचारलं नसतं. तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत, आणि मला त्याचीच भीती वाटली असती.