बेटावर गेल्यावर सांगेन

४ मे, सोमवार

आज जे झालं ते धड लिहिता पण येत नाही.

आज पार्लर बंद. बंदच्या दिवशी ताई आमच्या मालकीण मॅडमचं डोकं धुते, नेहमीचंच. मॅडम खुर्चीत मागे रेलल्या, मान बेसिनच्या खाचेत, डोळ्यांवर टॉवेल. ताईने शाम्पू लावला आणि तेवढ्यात खाली पार्सलवाला ओरडायला लागला. ताईने मला खुणेनेच सांगितलं — तू घे. घेतलं. तिनेच शिकवलंय मला, कानामागून वर, मग टाळूवर गोल गोल. सगळे म्हणतात बहिणींचे हात सेम टू सेम. मॅडमना कळलंच नाही माणूस बदललं ते.

आणि त्या बोलायला लागल्या. ताई समजून!

म्हणाल्या, दुकान विकलंय. महिनाअखेर बंद. ट्रिपला सगळ्यांना नेते, बेटावर दोन दिवस मस्त मजा करू, आणि तिथून निघायच्या आधी सांगते. आत्ता सांगितलं तर सगळ्या रडत बसतील. मग म्हणाल्या, ‘तू माझ्याकडे सगळ्यात जुनी. दोन खुर्च्या आणि मोठा आरसा तुझा. घरीच काहीतरी सुरू कर. पण ही गोष्ट बाहेर फुटली, तर तुझ्याकडूनच फुटली असं समजेन. मग काही मागायला येऊ नकोस.’

मी ‘हं’ म्हणाले. नुसतं हं.

त्याच वेळी सांगायला हवं होतं, मॅडम मी ताई नाही. पण घशातून आवाज निघेल तर ना. शाळेत हेच व्हायचं. बाई उभं करायच्या, उत्तर येत असायचं, ओठ मात्र शिवल्यासारखे. पोरं खिदळायची. आठवीनंतर गेलेच नाही.

ताई वर आली, मी बाजूला झाले, तिने पाणी सोडलं. संपलं.

५ मे, मंगळवार

फुगाने आज कुणाला काम करू दिलं नाही. फुगा म्हणजे आमच्याकडे नखं करते ती. हसली की गाल असे फुगतात म्हणून फुगा. ट्रिपचं सगळं तीच बघतेय. बोट शनिवारी सकाळी. धक्क्यावर उतरलं की म्हणे लगेच बाजार, रंगीत छत्र्या, गाणी, रस्त्यात नाचणारी माणसं. संध्याकाळ झाली की अख्खं गाव बाहेर येतं, घरात कुणी बसतच नाही. आणि तो पिवळा रबरी लांबोडका असतो ना, मोटारबोट ओढते तो, त्यावर तिला मला बसवायचंय. मी मान हलवली, नाही. ती म्हणाली, ‘मुके, पाण्यात पडलीस की बरोबर आवाज फुटेल तुझा.’

मला मुकी फक्त तिनेच म्हणावं. बाकी कुणी म्हटलं की मी तिथून उठून जाते.

चौघींसाठी सारख्या टोप्या आणल्यात. मॅडमनी पण घालून बघितली! आरशात बघून खूप हसल्या. हसता हसता ताईकडे बघून डोळा मारला.

ताई मला विचारते, मॅडमना झालंय काय? मी केस झाडत राहिले. जमिनीवर एकही केस नव्हता.

५ मे, परत

फुगाने जाता जाता सांगितलेलं आत्ता लिहिते. पुलापलीकडे नवीन पार्लर उघडतंय. तिथल्या बाईने फुगाला बोलावलं होतं. शनिवारी उद्घाटन, त्याच दिवसापासून यायचं. फुगा म्हणाली, ट्रिपहून आल्यावर बघू. ती बाई म्हणाली, यायचं तर शनिवारी, नाहीतर दुसरी बघते, शुक्रवारपर्यंत कळव. फुगाने हसत हसत सांगितलं हे. ‘समुद्र सोडून तिची फीत कापायला कोण जाईल?’

शिवाय ती भावाचं घर सोडतेय. वहिनी ताटात वाढतानासुद्धा ऐकवते तिला. एक खोली बघून ठेवलीय, खिडकी आहे म्हणे, छोटी. ट्रिपहून आली की सामान हलवणार.

कशाच्या जिवावर? आमच्या पार्लरच्या!

६ मे, बुधवार

ठरवलं होतं. आज सांगायचं. बोलायची वाक्यं पण पाठ केली होती.

दुपारी फुगा एकटीच होती, डबा खात. मी समोर जाऊन बसले. ती म्हणाली, काय गं, भूक लागलीय? आणि निम्मा डबा माझ्यापुढे सरकवला. मी खाल्ला. खाल्ला आणि उठले.

बिनकामाची आहे मी.

७ मे, गुरुवार

ताईला सांगितलं. घरी, आई शेजारी बसायला गेली होती तेव्हा.

आधी ती भडकलीच. तेव्हाच का नाही बोललीस, मॅडमपुढे मला तोंडघशी पाडलंस, वगैरे. मग तिची नजर भिंतीवरून फिरायला लागली. मला कळलं ती काय बघतेय. आरसा कुठे बसेल ते.

म्हणाली, आईला घरात एकटं टाकून दिवसभर बाहेर राहावं लागणार नाही. म्हणाली, एक खुर्ची तुझी. खरं सांगू, मला पण क्षणभर बरं वाटलं. घरातच काम, अनोळखी माणसं कमी.

मी म्हणाले, फुगा?

‘आपलं आपल्यापुरतं बघावं.’

मी म्हणाले, उद्या शेवटचा दिवस आहे, नंतर तिला कुणी घेणार नाही. ती म्हणाली, तिला भाऊ आहे. मी म्हणाले, त्या भावाकडूनच तर ती निघतेय! एवढं सलग मी ताईशी कधी बोलले नव्हते. तिलाही ते जाणवलं असेल. तिने माझी वेणी घट्ट करायला घेतली, रागात असली की घेते तशी, आणि मागून म्हणाली, ‘गप्प राहायचं. तुला तर तेवढंच येतं.’

वेणी अजून दुखतेय. सोडली नाही.

ताई वाईट नाहीये. मला आजारपणात मांडीवर घेऊन बसलेली आहे ती. म्हणून तर कळत नाही काय करू.

८ मे, शुक्रवार

सकाळपासून पार्लरमध्ये नुसता गोंधळ, एक गिऱ्हाईक बिना नेलपॉलिशचंच गेलं. फुगा पोहायचे कपडे बाथरूममध्ये घालून बघतेय आणि आतूनच ओरडतेय, ‘बेटावरचे लोक पळून जातील गं!’ ताई पण हसली. मॅडम तर डोळे पुसत होत्या. हसून की कशाने, देव जाणे.

ताई मला एकटीला कुठे जाऊच देईना. फुगा मागे गेली की ताई मागे. फुगा जिन्यात गेली की मला काहीतरी काम. टॉवेल मोजून ठेव. कंगवे धू.

शेवटी पार्लर बंद करताना फुगा म्हणाली, मुके, माझ्या पायाची नखं तू रंगव ना, माझीच मला नीट जमत नाहीत. ताई काउंटरवर, आमच्याकडे तोंड करून. मी खाली बसले. फुगाचा पाय मांडीवर घेतला. आवाज काढला असता तर ताईला ऐकू गेलं असतं. मला तर आवाज काढताच येत नव्हता!

मग मी तिच्या अंगठ्यावर लाल रंग लावला आणि मान खाली घालूनच बोलले. ओठ न हलवता, कुजबुजत. दुकान विकलंय. महिनाअखेर बंद. पुलापलीकडच्या बाईला आज फोन कर.

पाय एकदम ताठ झाला. मला वाटलं आता किंचाळणार. किंचाळली नाही. मी त्या पायाची उरलेली बोटं रंगवली. मग मोठ्याने म्हणाली, ‘छान लावलंस गं,’ आणि दुसरा पाय न रंगवताच चपला घालून निघून गेली.

फोन केला का नाही, माहीत नाही.

९ मे, शनिवार, बोटीवर

फुगा आली नाही. बोट सुटली. तिची टोपी माझ्या पिशवीत.

मॅडमनी ताईला बाजूला घेतलं, पण वाऱ्याने सगळं ऐकू येत होतं. तूच सांगितलंस ना तिला? एवढा विश्वास टाकला तुझ्यावर. ताईने माझं नाव घेतलं नाही. नुसती कठडा धरून पाण्याकडे बघत राहिली.

मी उठले. बोट हलत होती, लोक बघत होते, सगळे. म्हणाले, ‘मॅडम, ताईला काही बोलू नका. त्या दिवशी तुमचं डोकं माझ्या हातात होतं.’