मुद्दाम चुकलेले शब्द

सराव छावणी,
१२ ऑगस्ट २०१२

ती. ओडेसाताईस,
लव्हेलचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू रागावतेस आणि मी हसून वेळ मारून नेतो, म्हणून यंदा पत्रंच लिहायची, हा तुझा हुकूम मान्य. अमेरिकन फुटबॉलमधला माझा नववा मोसम सुरू झाला. गुडघे कुरकुरतात, पण चेंडू घेऊन पळणाऱ्याला आडवं करायची हौस फिटलेली नाही. माझ्या जागेवर दोघं तरणेबांड टपून बसलेत.

काल डोक्याची परीक्षा झाली. शब्द ऐकवतात, थोड्या वेळाने विचारतात. मोसमात डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा, आणि गुण घसरले तर खेळ बंद. म्हणून आम्ही जुनी खोडं आधीच मुद्दाम चुकतो. मुळात गुणच कमी, तर घसरणार कुठून? लहानपणी तू मला ढ म्हणायचीस, आता त्यावरच पोट चाललंय बघ! आईला सांगू नकोस.

लोभ आहे, तो कान उपटतानाही असू दे.
तुझा, लव्हेल

अलाबामा,
९ ऑक्टोबर २०१२

चि. लव्हेल यास,
अ. उ. आशीर्वाद.

रविवारी चर्चमधून आल्या आल्या आम्ही टीव्ही लावला. तू टक्कर दिलीस, पडलास, उठलास आणि सरळ दुसऱ्या संघाच्या बाकाकडे चालू लागलास. क्लीटसमामा म्हणाले, पोरगं पाहुणचाराला निघालं! सगळे हसले. आई कढईत मासे तळत होती; ती गॅस बंद करून पडद्यासमोर येऊन उभी राहिली.

सप्टेंबरातल्या पत्रात तू आईला नवी शेगडी घेऊन देणार असं लिहिलंस. अरे वेड्या, गेल्या नाताळात तूच पाठवलेल्या शेगडीवर ती मासे तळत होती.

मला भीती वाटते. खेळ सोड. इथल्या शाळेच्या संघाला शिकवणारा हवाच आहे. परीक्षेत लबाडी करून तू डॉक्टरला फसवलंस. स्वतःला कसं फसवशील?

जपून राहा, हेच मागणं.
तुझी, ओडेसा

२१ ऑक्टोबर २०१२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू राईचा पर्वत करतेस. पुन्हा परीक्षा झाली, गुण जुळले, डॉक्टर खूश. ऊन डोळ्यांवर होतं म्हणून बाक चुकला. शेगडीची तर मी थट्टा केली होती. आणि खेळ सोडून मी कोण राहू? गावात पोरंसोरं मला पाठीवरच्या आकड्याने हाक मारतात. ते कपडे उतरवले की मला कोण विचारणार?

राग नको, लोभ असू दे.
लव्हेल

११ ऑगस्ट २०१३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल यंदाची परीक्षा झाली. स्वतःला कसं फसवशील, हा तुझा प्रश्न वर्षभर पिच्छा सोडत नव्हता. म्हटलं, एकदा खरंच बघू. एकही शब्द मुद्दाम चुकलो नाही. शाळेतसुद्धा मी इतका जीव तोडून आठवलं नव्हतं.

गुण तेवढेच आले, ताई. गेल्या वर्षीइतकेच.

डॉक्टर म्हणाले, काही फरक नाही, खेळू शकतोस. तेव्हा मीच त्यांना खरं सांगून टाकलं. त्यांनी परवानगीच्या कागदावरची सही खोडली. मला फार भीती वाटते आहे.

सामान बांधलंय. गाडी चालवत येणार होतो, रस्ता पाठच आहे. पण तूच न्यायला ये.

लोभ आहेच, मी विसरलो, तरी तू विसरू नकोस.
तुझा, लव्हेल