पहिल्या फोटोवर थांबू नकोस

कोल्हापूर,
१४ मार्च २००५

प्रिय निशू,

हे पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाच आणि मग फाड. मुद्दाम हातानं लिहून स्पीड पोस्टानं पाठवतेय, कारण त्या कॉम्प्युटरवरचा माझा विश्वास पार उडालाय.

तुझं ते मेल आलं तेव्हा मी क्लासमध्येच होते. ऑफिसनं एमएस-सीआयटी सक्तीची केली म्हणून पन्नाशीला टेकलेली तुझी आई कॉलेजच्या पोरापोरींत बसून माउस धरायला शिकत होती. तू लिहिलं होतंस, एकवीस तारखेला पृथ्वीराजशी रजिस्टर लग्न करतेय, तुला काही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण. चार दिवस मी लिहीत होते आणि खोडत होते. शब्द तुला माझ्याकडून आयुष्यभर मिळालेत, नको इतके मिळालेत. म्हणून ठरवलं की या वेळी तुझ्या भाषेत सांगायचं, हातांनी.

अतुल सरांनी आदल्याच आठवड्यात वर्डच्या पानावर चित्र घालायला शिकवलं होतं. हलणारं चित्रही घालता येतं म्हणाले आणि पणतीची ज्योत लवलवताना दाखवली. मी खुर्चीतच ताठ झाले. दुसऱ्या दिवशी फोटो स्टुडिओत जाऊन सहा फोटो काढून घेतले. हात वर, मग जरा खाली, मग आणखी जवळ, असं करत सहाव्या फोटोत मी माझाच कान धरलाय. स्टुडिओवाला म्हणाला, "काकू, नाटकात काम करताय काय?" सरांनी ते सहा फोटो जोडून एकच हलतं चित्र करून दिलं. मी ते पानावर घातलं. खाली एक अक्षरही लिहिलं नाही. सरांनी ते 'वेब पेज प्रिव्ह्यू'मध्ये उघडून दाखवलं, तर हात वरून येत होता आणि कान धरत होता, पुन्हा पुन्हा. मला सगळ्यांसमोर रडू आलं. तिथूनच तुला फाइल पाठवली.

तुझं उत्तर आलं, "दिसलं." तेवढंच. मी खुळी, मला वाटलं तू माफ केलंस. महाद्वार रोडला जाऊन तुझ्यासाठी आंब्याच्या कोयरीची साडी घेतली, शेजारच्या चिमणाबाईंना पेढे दिले. तुझ्या पप्पांनी पेढा हातात घेतला आणि म्हणाले, "एका शब्दावर नाचू नगंस. पोरगी एवढ्यात सोडायची न्हाय तुला." त्यांच्यावर मी दोन दिवस रुसले होते.

शुक्रवारी फ्लॉपी घेऊन ऑफिसात गेले, माझी करामत शेजारच्या टेबलावरच्या झुंबरबाईंना दाखवायला. फाइल उघडली. हात वर होता. वरच राहिला. मी वाट बघितली, माउसनं टोचून बघितलं, फाइल बंद करून परत उघडली. झुंबरबाई हसत म्हणाल्या, "काय वो बाई, कुणाला मारायला निघालाय?" निशू, तुला काय दिसलं होतं ते मला तेव्हा कळलं.

तशीच क्लासला धावले. सर म्हणाले, "मॅडम, वर्डच्या पानावर ते हलत न्हाय की. पहिला फोटो तेवढा दिसतोय. हलताना बघायचं तर ब्राउझरमधी उघडाय लागतंय." हे त्यांनी वर्गात सांगितलं होतं म्हणे. पोरांनी वहीत उतरवून घेतलं, मी पणतीकडं बघत बसले होते.

तो उगारलेला हात तुझ्या ओळखीचा आहे. तुला ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं, खुणा करू दिल्या तर पोर कधीच बोलणार नाही. मी तुला आरशापुढं बसवायचे, तोंडासमोर कागदाची पट्टी धरून ती श्वासानं हलेपर्यंत 'प' म्हणायला लावायचे. तहान लागली म्हणून तू ओठाला अंगठा लावलास की हातावर फटका. एकदा तर मी तुझ्याच केसांच्या रिबिनीनं तुझे दोन्ही हात मागं बांधले आणि भाकऱ्या करत राहिले. तासाभरानं सोडलं तेव्हा तू घागरीकडं पळालीस. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, पप्पांनाही नाही. आणि गेल्या दिवाळीत स्टँडवर तू पृथ्वीराजशी हातांनी बोलत होतीस, हसत होतीस, लोक वळून बघत होते, तेव्हा एकवीस वर्षांच्या पोरीच्या हातावर मी परत मारलं. तू गाडीत चढलीस ती आजतागायत आली नाहीस. बाईंनी सांगितलं होतं हे खरं, पण हात माझा होता.

म्हणून हे पत्र. पाकिटात तेच सहा फोटो आहेत, सारख्या मापाचे कापून डाव्या कडेला दोऱ्यानं शिवलेत. डाव्या हातात घट्ट धर आणि उजव्या अंगठ्यानं भराभर सोड. पहिल्या फोटोवर थांबू नकोस, तुझ्या पाया पडते. एकवीसला, सोमवारी, पहाटेच्या गाडीनं मी निघणार आहे. तुमच्या त्या रजिस्टर ऑफिसच्या समोरच्या बाजूला, रस्त्यापलीकडं उभी राहीन. आपणहून आत येणार नाही. मला बघून तोंडानं 'आई' म्हणायचा प्रयत्न करू नकोस, त्या एका शब्दासाठी मी तुझा फार छळ केलाय. हातानं बोलाव. सगळ्या रस्त्यासमोर, मोठ्ठा हात करून बोलाव. आणि नकोशी असले तर हातानंच जा म्हण, तेवढं मला कळेल.

तुझीच,
आई