आईची खुर्ची मी स्वतः केली

३ फेब्रुवारी, सकाळी ७

आई चौदा तारखेला घरी येणार. खुब्याचं ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, यापुढे बसायला हात असलेली खुर्ची हवी, बैठक टणक हवी, आणि बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. घसरल्या तर सगळं मुसळ केरात. हसत म्हणाले असतील असं मला वाटलं होतं, पण हसले नाहीत.

घरात अशी खुर्ची एकच. आईचीच, खिडकीजवळची, लाकडी. गादी पार बसलीय, मधे खळगा पडलाय. ही म्हणाली, कोपऱ्यावरच्या सोफेवाल्याकडे टाकू, दोन दिवसांत देईल. मी साफ नाही म्हटलं. मला त्या माणसाची शिसारी येते. मूठभर खिळे तोंडात धरतो, जिभेने एकेक बाहेर ढकलतो आणि तो ओला खिळा गादीत ठोकतो. त्या गादीवर लोक खुशाल बसतात! माझी आई बसणार नाही.

शिवाय ही खुर्ची बाबांनी स्वतः केलेली आहे. मला कळतं तेव्हापासून आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आलीय, ह्यांनी स्वतः केली. बाबा गेले, तरी सांगते. म्हणजे हात रक्तातच आहे. आजवर वेळ नव्हता, इतकंच.

निर्णय: खुर्ची मी करणार. हिने नुसतं हं म्हटलं.

४ फेब्रुवारी

व्हिडिओ पाहिला. त्यातल्या माणसाने अकरा मिनिटांत गादी केली, त्यातही चार मिनिटं स्वतःबद्दल बोलला. मी दोन तास धरतो.

स्टेपल गन, फोम, गोंद आणि कापड आणलं. कापड झकास. चकचकीत, निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचं. दुकानदार म्हणाला, पडद्यांना फार छान दिसतं. मी म्हटलं, खुर्चीलाही दिसेल. तो गप्प बसला. या लोकांना स्वतःचं मत म्हणून नसतं.

६ फेब्रुवारी, दुपारी

खुर्ची उलटी केली. खालचे चार स्क्रू काढले की गादी फळीसकट निघते. तीन निघाले. चौथा गंजलेला होता, त्याचं डोकंच उडालं. कुठे उडालं ते सापडलं नाही. तीन पुरतात.

मग वरचं हिरवं कापड उचकटलं. शी! शी! शी! आतल्या फोमचं पिवळं पीठ झालेलं. वास असा, की ओला टॉवेल ट्रंकेत वर्षभर विसरलाय. पिठात काय काय निघालं त्याची नोंद ठेवतो, म्हणजे पुढे कोणी नाही म्हणायला नको. केसांच्या पिना सात. कंगव्याचे दात. एक वाळलेलं झुरळ, पाय वर करून. आणि चॉकलेटचे कागद, बावीस.

आईला साखरेचा आजार आहे. बावीस!

हात साबणाने पाच वेळा धुतले. जेवण गेलं नाही. हिने विचारलं, झाली का गादी? मी म्हटलं, सर्वेक्षण झालं.

७ फेब्रुवारी

आज काम नाही. आठवण आली तरी मळमळतं. ऑफिसात रजा टाकली, कारण लिहिलं, आईचं आजारपण. खोटं नाही.

८ फेब्रुवारी

नाकाला रुमाल बांधून पीठ झाडलं. खाली तपकिरी रेक्झिनचा आणखी एक थर निघाला. आत काथ्या असावा, दाबला की कुरकुरतो. कडेने बारीक खिळ्यांची ओळ, पट्टी धरून मारल्यासारखी सरळ. एकही खिळा वाकडा नाही.

बाबांचं काम! नुसता बघत बसलो. याला म्हणतात हात. आजकालच्या सोफेवाल्यांनी इथे येऊन शिकावं.

व्हिडिओवाला म्हणतो, जुनं सगळं काढा, लाकडापर्यंत जा. म्हणायला काय जातंय त्याचं? त्याच्या वडिलांनी नाही केलेली. हा थर मी काढणार नाही. श्रद्धेचा प्रश्न आहे. शिवाय खिळे फार आहेत, सत्तरच्या वर.

१० फेब्रुवारी

फोम कापला. चार बोटं जाड आणलाय, कारण टणक बैठक म्हणजे भरपूर फोम. स्वयंपाकघरातल्या सुरीने कापला. एक कड उंदराने कुरतडल्यासारखी आली, ती मागे जाईल.

जेवताना काकडीच्या कापांवर फोमचे कण निघाले. हिने ताट सरकवलं. म्हणाली, सुरी धुवायची तरी होती. मी म्हटलं, धुतलीय. मग धुतली.

११ फेब्रुवारी

फळीचं माप घेऊन कापड काटेकोर कापलं. सुताइतकाही फरक नाही. मग लक्षात आलं, कापड फोमच्या कडेवरून खाली वळवून फळीच्या पाठीला ठोकायचं असतं. वळवायला काहीच उरलेलं नाही.

हे व्हिडिओत स्पष्ट सांगायला हवं होतं. (सांगितलंय. सहाव्या मिनिटाला. पण ओझरतं.)

उरलेल्यातून दुसरा तुकडा काढला. पट्ट्या जरा तिरक्या आल्या. मुद्दाम तिरक्या ठेवतात हल्ली.

१२ फेब्रुवारी

सकाळी ९: कारागिरांची एक छान पद्धत व्हिडिओत कळली. आतल्या फळीवर नाव-तारीख लिहून ठेवायची, म्हणजे पुढे खोलणाऱ्याला कळतं, काम कोणाचं. मला लाकूड दिसत नाही, तेव्हा बाबांच्या रेक्झिनवर मार्करने लिहिलं: ‘स्वतः केली. आता जन्मभर बघायला नको.’ खाली तारीख, सही. डोळे भरून आले. गोंदाचा वासही होता.

दुपारी १: स्टेपल गन भिकार निघाली. पिना अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. म्हणून खिळे आणि हातोडी. एका हातात कापड ताणून धरायचं, एका हातात हातोडी. मग खिळे कुठे धरायचे?

दुपारी २: तोंडात धरले. चव गंजाची आणि आणखी कशाची तरी. किळस आली, पण सोय होते. ही दारात उभी राहून बघत होती. मला बोलता येत नव्हतं, त्याचा तिने फायदा घेतला. म्हणाली, अजून वेळ आहे, सोफेवाला आज घेईल. मी मान हलवली. नाही या अर्थाने.

१३ फेब्रुवारी

झाली!

कोपऱ्यांत कापडाचे थर जमल्याने फळी चौकटीत बसेना. वर बसून दाबली. थोडी बसली. आता तीन स्क्रूंना फळी लागेना. मग गोंद. भरपूर. त्यात कालच्या पेपरचं अर्धं पान खाली चिकटून राहिलं. ओढलं तर फाटतं. राहिलेल्या तुकड्यावर माझ्या राशीचं भविष्य आहे: हाती घेतलेले काम तडीस जाईल.

लांबून बघितली. मधे चांगली फुगीर दिसते, टम्म. हिने बोट लावून पाहिलं आणि विचारलं, हे कापड घसरडं नाही का रे वाटत तुला? मी म्हटलं, सिल्की फिनिश म्हणतात त्याला. बारीकसारीक खोट काढल्याशिवाय माणसांना चैन पडत नाही. उबग आलाय.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी

आईला काही झालेलं नाही. हे आधी लिहितो.

सकाळी अकरा वाजता घरी आली. वॉकर धरून खुर्चीपर्यंत चालली. पट्ट्या बघून म्हणाली, बसायच्या आधीच तिरकं झाल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, आई, मी स्वतः केलीय. तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, बरं, बसते.

बसली. पाय अधांतरी. चांगले चार बोटं. मी खाली स्टूल द्यायला वाकलो, तेवढ्यात गादी कर्र वाजली आणि आई पुढे सरकू लागली. हळूहळू, थांबत नव्हती. तिने खुर्चीचे हात धरले, पण जोर कुठला. मी स्टूल हातात घेऊन उभा. हिने धावत येऊन काखेत हात घातले म्हणून.

आई ओरडलीही नाही. नुसता माझा शर्ट धरला होता. बटण तुटलं.

संध्याकाळी व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. खुर्ची बघून विचारलं, हे कोणी केलं? माझ्याशी नंतर बोलल्याच नाहीत.

१५ फेब्रुवारी

कारणं: १. कापड. दुकानदाराने अडवायला हवं होतं. २. दवाखान्यातून दिलेला आईचा गाऊन, तोही गुळगुळीत. ३. लोकांना चांगल्या फोमची सवय नाही.

आई दिवसभर पलंगावर. बाई म्हणतात, बसायला उठल्या नाहीत तर पाय आखडेल.

तिसरं कारण खोडलं.

१६ फेब्रुवारी

आज आईच म्हणाली, दे रे सोफेवाल्याकडे. म्हणाली, मागच्या गल्लीने ने, वर चादर टाक, कोणाला दिसत नाही. मी म्हटलं, तुला बरं सुचलं. ती म्हणाली, सुचतं कधी कधी.

चादर टाकून मागच्या गल्लीने नेली. तीन जणांनी विचारलं, काय नेताय? खुर्चीवर चादर टाकली की ती खुर्चीच दिसते.

१८ फेब्रुवारी, दुपारी ४

सोफेवाल्याने माझ्यादेखत गादी खोलली. माझे खिळे उपटावे लागले नाहीत. कापड धरून ओढलं, सगळे एकदम आले.

मग रेक्झिनवरचं माझं वाक्य त्याने मोठ्याने वाचलं. तारीखसुद्धा. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. मग रेक्झिन सोडवायला लागला. मी अडवलं. म्हटलं, त्याला हात लावू नका, ते माझ्या वडिलांच्या हातचं आहे.

त्याने तोंडातले खिळे तळहातावर काढले. बोलायचं असलं की काढतो, शी. म्हणाला, साहेब, हे माझ्या वडिलांच्या हातचं आहे. खिळ्यांची ओळ ओळखतो की मी.

मी म्हटलं, शक्य नाही.

त्याने काढलं. रेक्झिन निघालं, काथ्या निघाला, खाली लाकूड. लाकडावर पेन्सिलीने बाबांचं अक्षर. लांबूनच ओळखलं, ‘ज’ला तशीच लांब शेपटी. लिहिलं होतं: ‘स्वतः केली. आता जन्मभर बघायला नको.’ तारीख ९ मार्च, मी दोन वर्षांचा होतो ते साल.

त्याच्या खाली दुसरं अक्षर, ठसठशीत: ‘सगळं काढून नवीन केलं. १३ मार्च.’ आणि सोफेवाल्याच्या वडिलांची सही.

चार दिवस. माझी खुर्चीही चार दिवसांतच इथे आली. बारा ते सोळा.

त्याने विचारलं, पुसू का? मी म्हटलं, नको. त्याने त्याखाली स्वतःची तारीख आणि सही घातली. खाली अजून बरीच जागा आहे.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळी

आईला विचारलं. ती म्हणाली, बाबा पहिल्यांदा बसले तेव्हा फळीसकट मधून थेट खाली गेले. अडकले होते. बाहेर काढताना त्यांना इतकी लाज वाटत होती, की मग म्हटलं, जाऊ दे. मागच्या गल्लीने तिनेच नेली होती, चादर टाकून. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, तू विचारलं होतंस का? स्वतः केली म्हणून नुसतं सांगितलं होतंस.

स्वतःचीच किळस येते, ती साबणाने जात नाही.

चॉकलेटच्या कागदांचा विषय काढणार होतो. राहू दिला.

२० फेब्रुवारी

खुर्ची आली. जाडं, खरबरीत, तपकिरी कापड, अगदी साधं. आई बसली. पाय जमिनीला टेकले, दोन्ही, पूर्ण. व्यायामाच्या बाईंनी खुर्चीला थोपटलं. आई तासभर खिडकीतून रस्ता बघत बसली होती.

संध्याकाळी शेजारच्या काकू आईला बघायला आल्या. गादीवर हात फिरवून म्हणाल्या, अगबाई, किती छान केलीय, कोणाकडून घेतली करून?

आई म्हणाली, मुलाने स्वतः केली.

पापणी लवली नाही. तोच सूर, बाबांसाठी इतकी वर्षं लावलेला. ही चहाचे कप घेऊन चटकन आत गेली.

काकू माझ्याकडे कौतुकाने बघत राहिल्या. मला खरं सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. आई माझ्याकडे बघत नव्हती, रस्ता बघत होती.

मी म्हटलं, हो. आमच्या रक्तातच आहे.